वाढदिवसाला टाकी द्या, मासे महिन्याभराने आणा

पत्र: दादा, आम्ही नाशिकला राहतो. मुलाला नववं वर्ष पूर्ण होतंय, बारा दिवसांनी वाढदिवस आहे आणि त्याला फिश टँकच हवाय. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी, झाकण, लाइट, पाण्यात बुडवायचा फिल्टर, रंगीत खडी असं सगळं आणून ठेवलंय. दुकानदार म्हणाला आज पाणी भरा, मूठभर मीठ आणि या निळ्या औषधाचे दहा थेंब टाका, उद्या मासे घेऊन जा. चार गोल्डफिश आणि काच साफ करणारा एक सकर, याचा अ‍ॅडव्हान्सही देऊन झालाय. पण शेजारच्यांनी अगदी असंच केलं होतं, त्यांचे मासे आठवड्याभरात एकेक करून गेले, त्यांची मुलगी किती रडली. सासूबाई म्हणतात नळाचं नको, आरओचं पाणी घाला. मुलाला गणपतीपुळ्याहून आणलेले शिंपले टाकायचेत. थंडी सुरू झालीये, हीटर लागेल का तेही कळत नाही. वाढदिवसाला मासे आले तर छानच, पण मारायला आणायचे नाहीयेत. काय करू? — एक आई, नाशिक

ताई, बारा दिवसांत नाही होणार. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढचं सगळं वाचताना मनातल्या मनात तारखा मोजत बसाल. टाकी वाढदिवसाला चालू झालेली असेल, लाइट लागलेला असेल, झाडं लावलेली असतील, पण मासे त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, कदाचित थोडे अजून उशिरा. दुकानदाराला आजच फोन करा आणि सांगा की मासे आत्ता नकोत, अ‍ॅडव्हान्समध्ये पाणी तपासायचं टेस्ट किट, हीटर आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं अँटी-क्लोरीन द्या. बहुतेक दुकानदार ऐकतात, त्यांना माल विकायचा असतो, कुठला ते त्यांना फारसं महत्त्वाचं नसतं.

आता शेजारच्यांचे मासे का गेले ते बघा, कारण तेच कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया नावाचं विष सोडत असतो, वर त्याची विष्ठा आणि न खाल्लेलं खाणं कुजून आणखी अमोनिया तयार होतो. नदीत हे पसरून जातं, तुमच्या टाकीत ते जाणार कुठे. जुन्या टाकीत हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात, ते त्याचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइटही विषच आहे, ते माशाच्या रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन धरता येत नाही, मग पंप भसाभसा बुडबुडे काढत असतो तरी मासा वर येऊन तोंड उघडत बसतो. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. ही दोन्ही मंडळी पाण्यात फार नसतात, ती फिल्टरच्या स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. आणि ती फार म्हणजे फार सावकाश वाढतात. साध्या कुजवणाऱ्या जिवाणूंना दुप्पट व्हायला अर्धा तास पुरतो, यांना साधारण एक दिवस किंवा जास्तच लागतो. नव्या कोऱ्या टाकीत ती जवळपास नसतातच. म्हणून पहिल्या दिवशी मासे मस्त फिरतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुस्तावतात, मग माणसं घाबरून सगळं पाणी ओततात, खडी धुतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली भांड्यांच्या साबणाने चकाचक करतात, म्हणजे जे काही चार जिवाणू लागले होते तेही गेले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेजारच्यांकडे बहुतेक हेच झालं असणार. त्यांची चूक म्हणता येत नाही, कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय म्हणजे चांगलंय असं अजिबात समजू नका. अमोनियाला रंग नाही, नायट्राइटला रंग नाही. उलट पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं तर ते दिसायला वाईट पण बहुतेक वेळा साधा जिवाणूंचा पूर येऊन गेलेला असतो, हात न लावता चार-सहा दिवसांत ओसरतो.

ते निळं औषध म्हणजे बहुतेक मेथिलीन ब्लू. बुरशी लागलेल्या माशाला वेगळ्या टबात ठेवून द्यायचं ते औषध आहे. तुम्हाला जे जिवाणू वाढवायचेत त्यांनाच ते मारतं, वर टाकीच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करून टाकतं. बाटली कपाटात वर ठेवा, टाकीत एक थेंबही नको. मीठ काही वेळा उपयोगी पडतं, नायट्राइटचा त्रास त्याने कमी होतो हे खरंय, पण मीठ अमोनिया घालवत नाही आणि मूठभर हे काही माप नाही, तेव्हा सध्या राहू द्या.

आधी जागा ठरवा. तुमच्या टाकीत काठोकाठ ५७ लिटर पाणी मावतं, म्हणजे ५७ किलो, त्यात काच आणि खडी धरली की सगळं मिळून ७५-८० किलोच्या आसपास जातं. एक मोठा माणूस रात्रंदिवस त्या फर्निचरवर बसून आहे असं समजा. टीव्ही युनिट पार्टिकल बोर्डचं असेल तर ते मधे हळूहळू वाकतं, काचेवर ताण येतो आणि एखाद्या रात्री तडा जातो. जाड प्लायचं किंवा लोखंडी स्टँड घ्या, खाली अर्धा-पाऊण इंच थर्माकोल घाला, लेव्हल बघा (मोबाइलमध्ये अ‍ॅप असतं, नसलं तर पाणी भरल्यावर चारही बाजूंना पातळी सारखी आहे का ते पट्टीने मोजा). खिडकीसमोर ठेवू नका, ऊन लागलं की महिन्यात पाणी हिरवं होतं. आणि एकदा भरलेली टाकी सरकवायची नाही, दोन इंचसुद्धा नाही, झाडू मारायला अडचण होते म्हणून तर मुळीच नाही.

मग टाकीला गळती आहे का बघा. खाली वर्तमानपत्र पसरून नुसत्या पाण्याने भरून २४ तास ठेवा, कागद कुठे ओला झाला तर लगेच दिसतो. टाकी नुकती चिकटवलेली असेल आणि व्हिनेगरसारखा वास येत असेल तर सिलिकॉन अजून वाळलेलं नाही, अजून दोन-तीन दिवस उघडी ठेवा आणि मगच भरा. वास गेला की काम झालं.

विजेचं मात्र मी थोडं जास्त बोलणार, कारण घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि त्याचा हात दिवसातून दहा वेळा त्या पाण्यात जाणार आहे. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाताना आधी बोर्डाच्या खाली झुकून मग वर जाऊ दे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या खालच्या वळणावरून जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीच्या खाली जमिनीवर ठेवू नका, भिंतीला वर अडकवा. अर्थिंग खरंच चालू आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, बऱ्याच जुन्या बिल्डिंगांत तीन भोकांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्या, ते टाकीपुरतं नाही, गिझरसाठीसुद्धा हवंच आहे. मुलाला एकच नियम शिकवा: हात पाण्यात घालायच्या आधी सगळी बटणं बंद. हीटर बंद केल्यावर पाणी कमी करायच्या आधी पंधरा मिनिटं थांबा, गरम काच उघडी पडली की तडकते. एअर पंप वापरणार असाल तर तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर लाइट गेली की पाणी त्याच नळीतून उलटं येऊन पंपात आणि पंपातून बोर्डावर येतं.

आता धुणं. टाकी, खडी, सजावट सगळं फक्त पाण्याने, साबण नाही, फिनाइल नाही. रंगीत खडी बादलीत घेऊन पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा, आणि थोडी खडी रात्रभर पांढऱ्या वाटीत भिजवून ठेवा, पाण्याला रंग आला तर ती खडी परत करा, साधी नदीची खडी स्वस्तही असते आणि मासे तिच्यावर जास्त उठून दिसतात. एक बादली आणि एक मग फक्त टाकीसाठी वेगळा ठेवा, त्यावर मार्करने मोठ्ठं "मासे" लिहा आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा, नाहीतर त्याच बादलीत उद्या फरशी पुसायचं औषध पडेल.

शिंपल्यांचं विचारलंत. शिंपला म्हणजे चुना, तो पाण्यात सावकाश विरघळतो, पाणी जड करतो, पीएच (पाणी आम्ल की अल्क याचं माप) वर नेतो. वाटीभर नको, पण दोन-तीन चालतील, गरम पाण्यात चांगले उकळून, आतलं ब्रशने घासून, आणि पॉलिश किंवा रंग मारलेले नकोत. मुलगा दगड आणेल तर त्यावर लिंबू पिळून बघायला सांगा, फेस आला तर त्यात चुना आहे. आपल्याकडचा काळा पाषाण बिनधास्त टाका, फक्त नाशिकच्या बाजूला त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले सापडतात ना, त्यात कधी कॅल्साइट (चुनाच तो) असतो, तसे दगड शोकेसमध्ये ठेवा, तिथे जास्त छान दिसतात. दगड मात्र उकळू नका, आत ओल असली तर फुटतो.

पाणी. सासूबाईंचं म्हणणं समजतं, आपण पितो ते शुद्ध म्हणजे माशालाही तेच द्यावं, प्रेमापोटीच सांगतात. पण आरओ पाण्यातले क्षारच काढून टाकतो आणि माशाला ते क्षार लागतात. शिवाय जिवाणू अमोनिया खातात तेव्हा आम्ल तयार होतं, साध्या पाण्यातले क्षार ते शोषून घेतात, आरओच्या पाण्यात शोषायला काही नसतं, मग पीएच घसरत जातो, ६.५ च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात, ६ च्या आसपास तर कामच थांबवतात, आणि आपण विचार करत बसतो की महिना झाला तरी टाकी तयार का होत नाही. तेव्हा नळाचंच पाणी घ्या.

नळाच्या पाण्यात अडचण एकच, क्लोरीन. ते जंतू मारायलाच घातलेलं असतं आणि त्याला आपले जिवाणू कोणते हे कळत नाही, माशाचे कल्लेही ते जाळतं. बादलीत पाणी २४ तास उघडं ठेवलं, जमलं तर त्यात एअर पंपाची नळी सोडली की साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून पांढरे खडे किंवा त्याचं पाणी मिळतं, ते सोडियम थायोसल्फेट, बाटलीवरच्या मापाने टाका, अगदी स्वस्त असतं. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीन जास्त मारलेलं असू शकतं, तेव्हा हे विसरायचं नाही. आणि सोसायटीच्या ग्रुपवर "उद्या टाकी साफ करणार आहोत" असा मेसेज आला की आदल्या दिवशीच दोन बादल्या भरून ठेवा, त्यानंतरचे दोन दिवस माशांच्या टाकीचं पाणी बदलू नका, त्या धुण्यात ब्लीचिंग पावडर किती पडली असेल कोण सांगणार. टँकर येत असेल तर ते बहुतेक बोअरचं पाणी, त्यात क्लोरीन कमी पण क्षार भरपूर, चालेल, फक्त एकदा नळाचं एकदा टँकरचं असं सारखं उलटसुलट करू नका.

खडी घाला, त्यावर एक ताटली ठेवून पाणी ओता म्हणजे खडी उसळत नाही, वर दोन इंच मोकळं ठेवा. खडी आणि ती मोकळी जागा वजा जाता खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास राहील, पुढची सगळी मापं या ४५ वर धरा. फिल्टर चालू करा आणि तो आता कायमचा चालू, रात्रीसुद्धा. आवाज येतो म्हणून झोपताना बंद करणारी खूप माणसं आहेत, स्पंजमधल्या जिवाणूंना वाहत्या पाण्यातून ऑक्सिजन मिळतो, काही तास बंद राहिलं की ते गुदमरायला लागतात.

हीटर हवाच, तुमच्याकडे तर नक्कीच, नाशिकची थंडी काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. ५० वॉटचा घ्या, साधारण लिटरला एक वॉट हा हिशेब पुरतो, आणि २७-२८ वर लावा. गारठ्यात हे जिवाणू सुस्त पडतात, तीन-चार आठवड्यांचं काम दोन महिन्यांवर जातं. काचेचा साधा थर्मामीटरही लावा, हीटरवरच्या आकड्यावर विसंबून राहू नका.

आता खरं काम. जिवाणूंना खायला अमोनिया हवा, आणि मासे तर नाहीत, मग तो आपण द्यायचा. सगळ्यात सोपं म्हणजे माशांचं खाणं रोज चिमूटभर टाकत राहणं, ते कुजतं, अमोनिया होतो. पैसे लागत नाहीत, पण माप राहत नाही, घाण होते आणि वेळ जास्त लागतो. काहीजण कापडात बांधून सोललेली कोळंबी टाकतात, ते चालतं, पण हॉलमध्ये चार दिवसांनी जो वास सुटतो तो वाढदिवसाच्या पाहुण्यांसमोर नको.

मी तुम्हाला अमोनियम क्लोराइड सांगेन. भांड्यांना कल्हई लावणारे जो नवसागर वापरायचे तेच हे, पण बाजारातल्या सुट्या नवसागरात आणखी काय मिसळलंय याचा भरवसा नसतो, म्हणून शाळा-कॉलेजच्या लॅबला केमिकल पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध असलेली छोटी बाटली आणा. १० ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. त्यातलं २८ मिली तुमच्या ४५ लिटरमध्ये टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो, आपल्याला तेवढाच हवा. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, मापायला बरी पडते. बाटलीवर नाव लिहा, मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि ब्लीचिंग पावडर किंवा बाथरूम क्लीनरच्या शेजारी नको, ब्लीचबरोबर मिसळलं तर विषारी वायू होतो.

टेस्ट किट थेंबांचं घ्या, ज्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच चारही आहेत. पट्ट्यांमध्ये बऱ्याचदा अमोनियाच नसतो, आणि आपल्याला पहिल्यांदा तोच बघायचाय. किट महाग वाटेल, खरंच महाग आहे, पण या सगळ्या सामानात मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाची वस्तू तीच. आणि तुमच्या मुलाला हीच सगळ्यात आवडेल बघा, टेस्ट ट्यूबमध्ये पाच मिली पाणी, थेंब मोजायचे, हलवायचं, पाच मिनिटांनी रंग कार्डाशी जुळवायचा. त्याला एक वही द्या, तारीख आणि चार आकडे. वाढदिवसाच्या दिवशी मित्र आले की तो त्यांना हे करून दाखवू शकतो, रिकामी टाकी म्हणून कोणी हसणार नाही. थेंबांच्या बाटल्या मात्र तुमच्या समोरच हाताळू दे आणि नंतर हात धुवायला लावा.

काय दिसेल ते सांगतो. पहिले काही दिवस अमोनिया २ वर नुसता बसून राहील, काहीच होत नाही असं वाटेल, होऊ दे. आठवडा-दहा दिवसांत तो उतरायला लागतो आणि त्याच वेळी नायट्राइट वर चढतं. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा टाका, पण या वेळी निम्मा, १४ मिली, कारण नायट्राइट खाणारे अजून तयार नसतात आणि ते उगाच साचत जातं. नायट्राइट कार्डाच्या शेवटच्या रंगावर गेलं तर अमोनिया टाकणं थांबवा, अर्धं पाणी बदला. हा मधला टप्पा सगळ्यात लांबतो, रोज तोच जांभळा रंग, इथेच लोक कंटाळून मासे आणतात. मग एक दिवस, अगदी एका रात्रीत म्हणावं तसं, नायट्राइट खाली येतं आणि नायट्रेट वाढलेलं दिसतं. तेव्हा पूर्ण २८ मिली टाका आणि बरोबर २४ तासांनी मोजा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं तर टाकी तयार. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करून बघा, खात्रीला. दोन्हींतला एक जरी आकडा शून्यावर नसेल तर थांबा, जवळजवळ शून्य याला इथे काही अर्थ नाही.

हे लवकर व्हावं असं वाटत असेल तर खरा उपाय एकच, ओळखीत कोणाची वर्षभर चाललेली, निरोगी माशांची टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागा आणि ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये घाला, विरजणच ते. वाटेत वाळू द्यायचा नाही, नळाखाली धरायचा नाही. त्याने कधी कधी दहा-बारा दिवसांत काम होतं, पण वचन म्हणून घेऊ नका, मोजूनच ठरवा. शेजारच्यांचा स्पंज मात्र नको, मासे कशाने गेले ते नक्की माहीत नाही, रोग असेल तर तोही बरोबर येईल. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात त्यांचं म्हणाल तर काही चालतात, काही दुकानात उन्हाळाभर तापत पडलेले असतात, लेबल वाचून कळत नाही. टाकायचे तर टाका, पण बाटलीवर "लगेच मासे सोडा" लिहिलंय म्हणून सोडू नका.

या काळात झाडं जरूर लावा. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधायचे, खडीत पुरायचे नाहीत, व्हॅलिस्नेरिया खडीत लावायचा. मनीप्लांटची फांदी झाकणाच्या फटीतून मुळं पाण्यात सोडून ठेवली तरी ती नायट्रेट ओढून घेते, पानं बाहेरच राहू द्या. लाइट सहा-सात तास, टायमर लावून टाका.

एक गोष्ट पत्रात नाही पण प्रत्येक घरात असते. डासांचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे, यातली बरीच औषधं माशांना फार विषारी असतात आणि एअर पंप खोलीतली हवाच तर पाण्यात ढकलत असतो. ज्या खोलीत टाकी आहे तिथे हे बंद करा, जाळ्या लावा. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर ते मासे यायच्या आधी, याच महिन्यात उरकून घ्या.

टाकी तयार झाली की नायट्रेट बरंच साचलेलं असतं, ६०-७० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेलं आणि साधारण त्याच तापमानाचं, आणि मग मासे आणायला जा. मधे चार-सहा दिवस जाणार असतील तर रोज थोडा अमोनिया टाकत राहा, नाहीतर जिवाणू उपाशी पडतील.

कुठले मासे. गोल्डफिश नकोत ताई. लांब शेपटीचे गोंडस दिसतात पण वाढले की वीतभर होतात, एकेरी शेपटीचे तर त्याहून मोठे, घाण प्रचंड करतात, ४५ लिटरमध्ये चार म्हणजे त्या जिवाणूंवरही अन्याय. शिवाय ते गार पाण्याचे, त्यांना २८ अंश नकोच असतात. (घरी कोणीतरी येऊन सांगेलच की वास्तूला आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ लागतात, हसून सोडून द्या, या टाकीत नऊ गोल्डफिशना वळायलाही जागा नाही.) नर गप्पी सहा घ्या, रंगीत असतात, नळाचं थोडं जड पाणी त्यांना आवडतं. मादी घेतलीत तर सहा महिन्यांत पिल्लं कोणाला वाटायची हा प्रश्न येईल. किंवा झेब्रा घ्या, आपल्याच देशातल्या ओढ्यांतला मासा, काटक, सहा-सातचा घोळका दोन फुटांत सुंदर पळतो, फक्त त्यांच्यासाठी हीटर २५ वर आणा, आणि झाकण नीट लावा, उड्या मारतात. यातलं एकच काहीतरी आधी आणा, दोन आठवडे आकडे शून्य राहिले तरच पुढचे.

सकर तर अजिबात नको. तो विष्ठा खातो हा गैरसमज आहे, उलट स्वतःच सगळ्यात जास्त करतो, आणि दुकानात दोन इंचाचा असतो तो वाढून फूटभराच्या वर जातो. मग लोक काय करतात, तर नेऊन गोदावरीत सोडतात, पुण्य लागतं म्हणून. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडच्या नद्या-धरणांत तो आता जाळ्यात यायला लागलाय आणि स्थानिक माशांच्या जिवावर उठलाय. काच साफ करायला स्पंजचा तुकडा आणि नऊ वर्षांचा मुलगा पुरेसा आहे.

मासे आणाल त्या दिवशी लाइट बंद ठेवा. पिशवी बंदच पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं अर्धा कप पाणी पिशवीत घाला, चार-पाच वेळा, आणि मासे जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. त्या दिवशी खाणं नाही, मुलगा कितीही मागे लागला तरी. पुढे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. पहिला आठवडा रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. त्यात ०.२५ जरी दिसला तर खाणं बंद करा, चाळीस-पन्नास टक्के पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पीएच ८ च्या पुढे असेल तर जास्त घाई करा, कारण पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. सगळं शांत असेल तर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणं एवढंच काम उरतं, आणि स्पंज घाण झाला तर त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा.

मधेच कुठे अडकलात तर परत लिहा, पण नुसतं "पाणी खराब झालंय" असं नको, वहीतले शेवटच्या पाच दिवसांचे चारही आकडे आणि तापमान लिहून पाठवा, ते मुलाच्या अक्षरात असले तरी चालतील.